किल्ली विसरणारा फोन

आधी एक हिशेब मांडू. १२८ जीबीचा फोन काठोकाठ भरलाय. त्यातली प्रत्येक जागा दुसऱ्या कशाने तरी भरून जुनं झाकायचं ठरवलं आणि फोनची मेमरी सेकंदाला २०० एमबी वेगाने लिहिते असं धरलं, तर सलग ६४० सेकंद लागतील. म्हणजे साडेदहा मिनिटं नि वर थोडं. प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही ‘सर्व डेटा मिटवा’वर बोट ठेवता, पडदा काळा होतो, कंपनीचं बोधचिन्ह येतं आणि पुसण्याचं काम बहुतेक फोनांत मिनिटभराच्या आसपास उरकतं. त्यानंतर फोन आपल्याला ताटकळत ठेवतो, तो पहिल्यांदा सुरू होताना सगळी अ‍ॅप्स नव्याने मांडून घेण्यासाठी.

मग सहा-सात वर्षांचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, बँकेचे मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं, हे सारं मिनिटभरात गेलं कुठे?

कुठेच गेलं नाही. बटण दाबल्या क्षणी त्यातलं बरंचसं चिपमध्ये होतं तिथेच असतं. गेलेली असते ती एक अगदी चिमुकली गोष्ट, आणि ती गेल्यामुळे बाकीचं असून नसल्यासारखं होतं. फोन विकण्याआधी, दुरुस्तीला टाकण्याआधी किंवा भाच्याच्या हवाली करण्याआधी जी धाकधूक वाटते, त्यातली निम्मी या चिमुकल्या गोष्टीची ओळख झाली की संपते. उरलेली निम्मी मात्र वाढते, आणि ती वाढलेलीच बरी.

फोनमधली मेमरी नॅन्ड फ्लॅश जातीची. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात माहिती साठते ती विजेच्या रूपात. काही नॅनोमीटर जाडीच्या, वीज न वाहणाऱ्या थराआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे आणि किती कोंडले यावरून शून्य की एक ते वाचायचं. एकेका पेशीत विद्युतभाराच्या आठ पायऱ्या ओळखणाऱ्या चिपा आता सर्रास वापरात आहेत. आठ पायऱ्या म्हणजे पेशीमागे तीन बिट. या हिशेबाने १२८ जीबीसाठी सुमारे ३४ हजार कोटी पेशी लागतात, त्याही नखाएवढ्या जागेत. तो थर ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे नसतेच. क्वांटम टनेलिंग नावाच्या पळवाटेने ते आरपार जातात. त्यांना परत बाहेर खेचायला वीसेक व्होल्ट लागतात आणि फोनची बॅटरी तर चार व्होल्टच्या आसपासची. तेव्हा चिप आतल्या आत व्होल्टेज चढवून घेते. सकाळी सकाळी आलेलं सुप्रभातचं गुलाबाचं चित्र आपण वैतागून डिलीट करतो, तेव्हा आत एवढा खटाटोप ठरलेला असतो.

पण तो लगेच होत नाही. या मेमरीला एक खोड आहे. लिहिता येतं काही केबींच्या छोट्या पानांत. पुसता मात्र येतं ते कित्येक एमबींच्या अख्ख्या ब्लॉकनेच. चाळीतल्या एका खोलीला रंग द्यायचा तर सगळ्या बिऱ्हाडांना बाहेर काढावं लागावं, तसा हा प्रकार. शिवाय दर पुसण्यागणिक पेशी थोडी झिजते. म्हणून चिपमधला कंट्रोलर शक्यतो पुसणंच टाळतो. फाइल बदलली की तो जुन्या जागी लिहीत नाही. नवी प्रत कोऱ्या पानावर उतरवतो, जुन्या पानापुढे ‘रद्द’ अशी नोंद करतो आणि ब्लॉकमधली पुरेशी पानं रद्द झाली की सवडीने तो ब्लॉक पुसायला काढतो. तोवर रद्द झालेली माहिती आहे तिथेच पडून राहते. वरून तुम्ही तीच फाइल दहा वेळा खोडून लिहिलीत तरी खाली दहा वेगवेगळ्या पानांवर दहा प्रती होतात आणि पहिली प्रत शाबूत राहू शकते.

ही नुसती शंका नव्हती. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी एसएसडी ड्राइव्ह उघडून त्यातल्या फ्लॅश चिपा थेट वाचल्या. एकेक फाइल वरून लिहून नष्ट करण्याच्या ज्या पद्धती हार्ड डिस्कच्या जमान्यापासून चालत आल्या होत्या, त्यांतली एकही इथे धड लागू पडत नव्हती.

फोनांचं याहून वेगळं नव्हतं. २०१४ मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ईबेवरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांनी आपापल्या परीने ते साफ केले होते. त्यांतून ४० हजारांहून जास्त फोटो परत मिळाले आणि त्यांतले पुष्कळ असे होते, की मालकांना घाम फुटावा. पुढच्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरें सिमों आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ वापरलेले फोन तपासले. अँड्रॉइड २.३ ते ४.३ या काळातले. फॅक्टरी रीसेट केल्यावरही त्यांतून फोटो, मेसेज आणि त्याहून वाईट म्हणजे गूगल खात्याची किल्लीवजा खूण परत काढता येत होती. जिथे रीसेट सदोष होता अशा फोनांपैकी ८० टक्क्यांत गूगलची मुख्य खूणच हाती लागली. ती एकदा मिळाली की पासवर्ड माहीत नसताना फोन पुन्हा जुन्या मालकाच्या खात्याशी जोडता येतो. असे ५० कोटींपर्यंत फोन जगात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. कारण काय? कुठे कंपनीने चिपला ‘खरोखर पूस’ हा आदेशच धड दिला नव्हता, तर कुठे आतल्या एसडी भागाकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. ‘फॉरमॅट मारला, आता काळजी नाही’ असं सांगणारा दुकानदार त्या काळात तुम्हाला फसवत नव्हता. त्यालाही तसंच वाटत होतं.

यावरचा तोडगा मोठा मजेदार आहे. पुसणं भरवशाचं करता येत नाही ना? मग मुळात लिहितानाच असं लिहा की पुसायची गरज पडू नये.

आजच्या फोनमध्ये तुमची एकही फाइल सरळ अक्षरांत चिपवर उतरत नाही. कॅमेऱ्याने फोटो काढला की तो साठवण्याआधी एईएस नावाच्या कूटपद्धतीतून जातो. जोआन डेमेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोघा बेल्जियन कूटतज्ञांनी रचलेली ही पद्धत २००१ मध्ये अमेरिकेचं सरकारी मानक झाली. तिच्यातून बाहेर पडलेले बाइट नुसत्या खरखरीसारखे दिसतात. त्यात ना फोटोची कड ओळखू येते, ना मेसेजातला शब्द. अँड्रॉइडने हे २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून आणायला घेतलं, सहाव्या आवृत्तीत पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनांना सक्तीचं केलं आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या फोनला, मग तो कितीही स्वस्त असो. स्वस्त फोनांचा अडसर खरा होता. त्यांच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय नसते. सगळं कूट करत बसला तर फोन रखडतो. त्यासाठी गूगलचे पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी अ‍ॅडिअँटम नावाची हलकी पद्धत तयार केली. पाच-सहा हजारांच्या फोनमधले फोटोही महागड्या फोनइतकेच बंदिस्त राहतात, ते या माणसांमुळे. माझ्या मते अँड्रॉइडच्या इतिहासातलं हे सर्वांत कमी गाजावाजा झालेलं मोठं काम आहे.

आता ती चिमुकली गोष्ट. हे सगळं कूट उलगडायला लागणारी किल्ली अवघी ६४ बाइटची असते. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं मोजून जेमतेम २१ चिन्हं. आमंत्रणपत्रिकेवरची एखादी ओळही त्यात पुरी मावणार नाही. आणि १२८ जीबीचा सगळा संसार तिच्यावर उभा. ती गेली की अंदाजाने शोधून काढू म्हणाल, तर एईएसच्या निव्वळ २५६ बिटांच्या किल्लीचे पर्यायच एकावर ७७ शून्यं देऊन होणाऱ्या संख्येपेक्षा जास्त आहेत. जगातले सारे संगणक विश्वाच्या वयाइतका काळ राबले तरी त्या ढिगाला ओरखडाही उठणार नाही.

म्हणजे रीसेट करायचा म्हणजे फक्त किल्ली पुसायची. सोपं वाटतं. इथेच चाणाक्ष वाचक हात वर करेल: किल्लीसुद्धा त्याच फ्लॅशमध्ये लिहिलेली ना? आणि फ्लॅशमधली छोटी गोष्ट नेमकी पुसता येत नाही, हे तर आत्ताच सांगून झालं. मग ६४ बाइटची एखादी जुनी प्रत रद्द पानावर पडून राहिली तर?

या प्रश्नाला अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. किल्ली एकटी ठेवतच नाहीत. तिच्याबरोबर १६ केबींची, म्हणजे नेमक्या १६,३८४ बाइटांची निव्वळ यादृच्छिक, अर्थहीन माहिती भरलेली एक फाइल तयार करतात. ही सगळीच्या सगळी फाइल गणिती प्रक्रियेतून दळून निघाल्याशिवाय किल्ली उघडत नाही. पुसताना त्या फाइलचा कुठलाही कोपरा खराब झाला, एक बिट जरी उलटा झाला, तरी दळून निघणारं उत्तर पार बदलतं आणि किल्ली कायमची बंद होते. छोटी गोष्ट नक्की पुसता येत नाही, तर तिला इतकी मोठी करा की तिच्यातलं काहीतरी नक्की पुसलं जाईल! वर दुसरा बंदोबस्त म्हणून ही किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या आणखी एका किल्लीने बंद केलेली असते आणि तीही रीसेटच्या वेळी नष्ट होते. चिप उखडून प्रयोगशाळेत वाचली तरी तिथे खरखरीशिवाय काही मिळत नाही.

किल्लीशिवाय माहिती असूनही वाचता येत नाही, हे घरी डोळ्यांनी पाहता येतं. फोन रीस्टार्ट करा, पण पिन टाकू नका. तसाच टेबलावर ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तुम्हाला फोन लावायला सांगा. रिंग वाजेल, पण पडद्यावर ‘आई’ किंवा ‘दादा’ येणार नाही. नुसता नंबर दिसेल. तुमची संपर्कयादी त्या घडीला फोनलाही वाचता येत नसते. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड माहितीचे दोन कप्पे करतो. एक फोन सुरू होताच उघडतो, त्यात गजरासारख्या निकडीच्या गोष्टी असतात. म्हणून रात्री अपडेट होऊन फोन आपोआप रीस्टार्ट झाला तरी पहाटेचा गजर चुकत नाही. दुसरा कप्पा तुमच्या पिनशिवाय उघडत नाही. पिन टाका आणि पुन्हा फोन लावायला सांगा. आता नाव येतं. मधल्या त्या सेकंदात पिन आणि चिपमधलं गुपित यांची सांगड बसून किल्ली मोकळी झालेली असते. चार आकड्यांच्या पिनचे पर्याय १० हजारच, हे खरं. पण ती पिन फोनबाहेर नेऊन भराभर ताडून पाहता येत नाही आणि फोनच्या आत चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबावं लागतं.

रीसेटचं बटण दाबल्यावर आत काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. चालू असलेली अँड्रॉइड प्रणाली स्वतःच्या बुडाखालची फांदी स्वतः तोडू शकत नाही. म्हणून ती मेमरीच्या एका छोट्या वेगळ्या भागात चिठ्ठी लिहून ठेवते: ‘पुढच्या वेळी रिकव्हरीत जा आणि डेटा पूस.’ मग फोन बंद होतो. सुरू होतो तो रिकव्हरी नावाच्या एका चिमुकल्या, स्वतंत्र प्रणालीत. ती चिठ्ठी वाचते, डेटाचा भाग मोडून नव्याने आखते आणि काम पुरं झाल्यावरच चिठ्ठी फाडते. मध्येच बॅटरी संपली तर? चिठ्ठी शिल्लक असते. फोन पुन्हा चालू केला की पुसण्याचं काम पुन्हा सुरू होतं. तरीही बॅटरी पुरेशी चार्ज करूनच बसा. गूगलचा सल्ला निदान ७० टक्क्यांचा आहे आणि अर्धवट झालेलं काम पाहताना जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

आता वाढलेलीच बरी अशा धाकधुकीकडे वळू. रीसेट हा आता इतका पक्का झालाय की त्याला परतीची वाट नाही. ‘रीसेट मारलेल्या फोनमधून फोटो काढून देतो’ असं आजच्या फोनबद्दल कुणी सांगत असेल, तर एकतर तो तुमच्या गूगल खात्यातले किंवा एसडी कार्डावरचे फोटो काढून देणार आहे किंवा नुसते पैसे काढून घेणार आहे. विकलेल्या फोनमधून दुसरा कुणी आपलं पाहील, ही भीती आपण फार बाळगतो. आपलं आपल्यालाच पुन्हा दिसणार नाही, ही भीती बाळगायला हवी तेवढी बाळगत नाही.

बॅकअप चालू आहे म्हणजे सगळं वर गेलंय, हा सर्वांत मोठा गैरसमज. गूगल फोटोज सहसा कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्रांचं फोल्डर, डाउनलोड, स्क्रीनशॉट यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. रेकॉर्डर अ‍ॅपमधली रेकॉर्डिंग तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतात. भजनी मंडळाच्या तालमीत बुवांनी घोळवून सांगितलेली एखादी चाल, डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं पथ्य, गावच्या जमिनीबद्दल काकांशी झालेलं बोलणं, हे सगळं त्या एका फोल्डरमध्ये असतं आणि ते हाताने कॉपी करावं लागतं. कॉपी झालं की दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. फाइलचं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं होत नाही. पाच-सहा फोटो आणि एखादं रेकॉर्डिंग खरोखर चालवून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आत्ता बॅकअप घ्या’ दाबा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख आजची झाली याची खात्री करा. बॅकअपला एंड-टू-एंड कूटाचं कुलूप लावलं असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली हाताशी आहे ना, तेही पाहा. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपकडेही दुसरी प्रत नाही. गूगलच्या फोन-बॅकअपचंही तसंच: २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून तो तुमच्या जुन्या फोनच्या पिन किंवा पॅटर्नने बंद केलेला असतो, त्यामुळे नव्या फोनवर परत घेताना जुन्या फोनची पिन विचारली जाते. ती आठवत राहू द्या. आणि जुना फोन ५७ दिवस वापरला नाही तर हा बॅकअप मिटू शकतो. ‘बॅकअप आहे, बघू दिवाळीनंतर’ म्हणणाऱ्यांनी एवढं मनावर घ्यावं.

मग येतो सर्वांत फसवा पेच. रीसेट झाल्यावर फोन गूगलचा पासवर्ड विचारतो. पासवर्ड आठवत नाही, कारण तो त्याच फोनमध्ये जपून ठेवलेला होता. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणाल तर खात्रीसाठीचा संदेश ‘तुमच्या फोनवर पाठवला आहे’ असं येतं. कुठल्या फोनवर? आत्ता पुसला त्याच. दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर गूगल आठ आकडी दहा राखीव कोड देतं. ते रीसेटच्या आधी कागदावर उतरवून घ्या. कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल तर त्यातली खाती आधी दुसऱ्या फोनवर न्या किंवा खात्याशी जोडून घ्या. ही जोडणी २०२३ पासूनच आली आहे आणि ती अनेकांनी चालूच केलेली नाही. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर गूगलच्या सांगण्यानुसार २४ तास थांबा, मग रीसेट करा.

यूपीआयबद्दल मात्र उगाच घाबरू नका. पैसे फोनमध्ये नसतातच आणि यूपीआय पिनही बँकेकडे पडताळली जाते. रीसेटने तुटते ती फोन, सिम आणि खातं यांची जोडणी. ती पुन्हा करायला बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, कारण अ‍ॅप त्यावरून एक एसएमएस पाठवतं. परदेशात राहणाऱ्या आणि भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलेल्या मंडळींनी ते आधी शोधावं, मग रीसेटकडे वळावं. ई-सिम पुसायचं तर बऱ्याच फोनांत वेगळी खूण करावी लागते. फोन स्वतःच वापरणार असाल तर ई-सिमला हात लावू नका, ते पुन्हा मिळवायला कंपनीकडे खेटे घालावे लागतात. एसडी कार्ड रीसेटमध्ये सहसा पुसलं जातच नाही, तेव्हा विकताना ते काढून घ्या. पण ते कार्ड ‘फोनची मेमरी’ म्हणून जोडलेलं असेल, तर त्याची किल्ली फोनमध्ये असते. रीसेटनंतर ते कार्ड कुणालाच वाचता येणार नाही, तुम्हालाही नाही.

एवढं झालं की रीसेटचे दोन रस्ते आहेत, आणि ते सारखे नाहीत. पहिला सेटिंग्जमधून: सिस्टीम, रीसेट पर्याय, सर्व डेटा मिटवा. सॅमसंगमध्ये तो जनरल मॅनेजमेंटखाली सापडतो. इथे फोन तुमची पिन विचारतो. दुसरा बंद फोनवर आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून. दुकानात याला ‘हार्ड रीसेट’ म्हणतात. पुसणं दोन्हीकडे तेच. पण दुसऱ्या रस्त्याने आलेला माणूस मालक की चोर, हे फोनला कळायला मार्ग नाही. म्हणून डेटा पुसूनही एक बारीकसा वेगळा भाग तो मुद्दाम तसाच ठेवतो आणि सुरू होताच बजावतो, की आधीच्या गूगल खात्याने किंवा आधीच्या पिनने ओळख पटवा. दुकानदारांच्या भाषेत ‘एफआरपी लॉक’. मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर ते आलं. त्याआधीच्या वर्षी कॅलिफोर्नियाने फोनचोरीला आळा घालण्यासाठी कायदा केला होता आणि १ जुलै २०१५ पासूनच्या नव्या स्मार्टफोनांत चोरलेला फोन निरुपयोगी करणारी सोय सक्तीची केली होती. विकायचा फोन म्हणूनच सेटिंग्जमधूनच रीसेट करावा. त्याआधी गूगल खातं आणि सॅमसंग किंवा शाओमीचं स्वतःचं खातं असेल तर तेही काढून टाकावं. नाहीतर घेणाऱ्याचा संध्याकाळी फोन आलाच म्हणून समजा.

फोन दहा वर्षांपूर्वीचा असेल तर वेगळी काळजी घ्यावी. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या फोनवर आधी सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन ‘फोन एन्क्रिप्ट करा’ हे चालवा, त्याला तास लागला तरी लागू द्या, आणि मग रीसेट करा. नव्या फोनवर मात्र यूट्यूबवरच्या सल्ल्याप्रमाणे जुने व्हिडिओ भरभरून मेमरी ‘झाकण्याची’ काही गरज नाही. त्याने पेशी झिजतात एवढंच.

रीसेटने काय जात नाही हेही लक्षात असू द्या. त्याला फॅक्टरी सेटिंग म्हणतात, पण फोन कारखान्यातून निघाला त्या दिवसाला परत जात नाही. अँड्रॉइड ११ वर घेतलेला फोन १४ वर आला असेल, तर रीसेटनंतर तो १४ वरच राहतो. प्रणालीचा भाग वेगळा असतो आणि रीसेट त्याला शिवत नाही. बॅटरीचं म्हातारपण जात नाही. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये अनधिकृत प्रणाली टाकली की चिपमधला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. तो कुठल्याच रीसेटने जोडता येत नाही. आणि प्रणालीच्या भागातच शिरलेला व्हायरसही जात नाही. एक्सहेल्पर नावाचा असा उपद्रवी प्रोग्राम २०१९ मध्ये पसरला. सिमँटेकच्या मोजणीत ४५ हजार फोनांत तो होता आणि सर्वाधिक फटका बसलेल्या देशांत भारतही होता. लोक रीसेट करत आणि तो पुन्हा उगवे. पुढच्या वर्षी कॅस्परस्कीने उलगडा केला: अँड्रॉइड ६ आणि ७ च्या काही फोनांत तो मूळ प्रणालीतच घर करून बसत होता. फोन गरम होतो, जाहिराती उसळतात म्हणून रीसेट केला आणि आठवड्यात ये रे माझ्या मागल्या झालं, तर पुन्हा रीसेट करून उपयोग नाही. अधिकृत सेवा केंद्रातून मूळ प्रणालीच नव्याने टाकून घ्या.

आयएमईआय क्रमांकही जात नाही, आणि जुना फोन घेणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं. चोरलेल्या फोनांचे आयएमईआय देशभर बंद करणाऱ्या केंद्रीय नोंदणीचा प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून सुरू झाला. मे २०२३ पासून संचार साथी या नावाने ती सेवा सगळ्या देशात आहे. तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून असो की ओळखीच्या माणसाकडून, जुना फोन घेताना त्यावर *#०६# दाबून आलेला आयएमईआय टिपून घ्या. केवायएम ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. फोन काळ्या यादीत असेल तर तेही कळतं. मग विकणाऱ्याला म्हणा, माझ्यासमोरच सेटिंग्जमधून रीसेट करा. पहिला पडदा आला की थांबू नका. भाषा निवडा, वाय-फाय जोडा आणि पुढे जा. जुन्या मालकाचं खातं किंवा पिन कुठेच विचारली नाही, तर पैसे द्यायला हरकत नाही.